पाटीला लागलेला पाय

बॉथेलच्या घरून एवढं ड्राइव्ह करून गोठलेला धबधबा बघायला गेलो, तर वाटेवर साखळी आणि तिला 'ट्रेल बंद'ची पाटी. मी तिथेच घुटमळत होतो.

तेवढ्यात कानटोपीतले एक म्हातारे गृहस्थ आले आणि सरळ साखळी ओलांडू लागले. बूट पाटीला लागला, तसे थबकले. "चुकलो," म्हणत वाकून पाटीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. म्हणजे मराठीच!

"काका, रेंजर पकडेल!" मी ओरडलो.

"व्हिसावर होतो तोवर मीही पाट्या वाचायचो," असं म्हणून ते काठी टेकत बर्फात दिसेनासे झाले.

माझ्या व्हिसाचं रिन्युअल अडकलेलं. दोनदा गाडीपर्यंत जाऊन परत आलो. शेवटी पाटीला लागणार नाही अशा बेतानं पाय उचलला, आणि साखळीच्या अलीकडेच ठेवला.