आईच्या खांबाची खुंटी

आई झेंड्याचे खांब उभे करायची. कोणाचा झेंडा वर चढतो याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. खांब मात्र तिचा. “वरचा गोळा शोभेचा नाही, नळीत पाणी जाऊ नये म्हणून असतो,” हे ती गिऱ्हाइकाला असं सुनावायची, जणू त्यानं तो चोरायचा बेत केला होता.

गोळ्याखाली कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला झेंडा अडकवायचे आकडे आणि खाली छातीच्या उंचीवर दोन शिंगांची लोखंडी खुंटी. सगळी मदार त्या खुंटीवर. दोरीचे तिरपे वेढे शिंगांवर घालायचे आणि शेवटचा आवळायचा नाही, दुमडून नुसता खोचायचा. वादळ आलं की एका हिसक्यात सुटला पाहिजे. लहानपणी दादानं तो आवळला की आई त्याच्या बोटांवर पाना मारायची. एकदा नख गेलं. मला हे शिकवणं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्याकडे रंगकाम होतं म्हणून मी वाचले. तशी गाठ बांधणारे गावात दोघंच, आई आणि दादा.

आमच्या शेडसमोरच्या कारखान्यातला खांब आईनंच उभारलेला. दादा तिथे कामाला होता. मालकानं सगळ्यांना काढून फाटकाला कुलूप ठोकलं, आणि एका दुपारी तोंडाला फडकी बांधलेला जमाव फाटक तोडून आत घुसला. म्हातारा पहारेकरी आडवा आला. त्याचे दात पाडले, लाथा घालून बरगड्या मोडल्या. मग झेंडा फाडून खांबाची दोरी त्याच्या गळ्यात अडकवली आणि चौघांनी ओढली. कप्पी करकरली. फासात बोटं घालून पाय झाडत तो वर गेला. दोरी खुंटीला बांधून सगळे ऑफिसच्या काचा फोडायला पळाले.

आई पाना घेऊन धावली, मी तिच्या मागे. एकजण गज उगारून आला. आईनं त्याच्या गुडघ्यावर पाना घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. खुंटीपाशी पोचली आणि दुमडून खोचलेल्या शेवटच्या वेढ्याकडे नुसती बघत राहिली.

“आई, सोड ना!” मी ओरडले.

तिनं एकच हिसका दिला. दोरी सुटली. म्हातारा आपटू नये म्हणून ती दोरी धरून राहिली आणि तिच्या दोन्ही तळहातांची कातडी दोरीबरोबर गेली. मी त्याला खाली झेललं. तोंडातून रक्त येत होतं, पण श्वास चालू होता. तो वाचला.

संध्याकाळी दादा घरी आला. आईच्या हातांना पट्ट्या होत्या.

“वेढे तूच घातलेस,” ती म्हणाली.

दादा आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, “सुटावी म्हणूनच तशी बांधली. वाटलं, तू येशील.”

मला हायसं वाटलं. माझा भाऊ इतका वाईट नव्हता.

आईनं कोपऱ्यातली जुनी खुंटी शिकंज्यात आवळायला मला सांगितली आणि दोरी त्याच्यापुढे टाकली. “आता न सुटेल अशी बांध.”

त्यानं वेढे घातले. शेवटी बोटांनी दोरी दुमडली आणि खोचली. त्यानं सोडून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. मग दात आवळून शेवटचा वेढा ओढायला गेला, तर हात आपोआप मागे आला, वरून पाना पडणार असल्यासारखा.

मला रडू फुटलं. त्याला दुसरी गाठ येतच नव्हती.

“तू सोडायला बांधली नव्हतीस,” आई म्हणाली. “म्हातारा वाचला तो तुझ्या हातांतल्या माझ्या माराच्या भीतीनं. चपला घाल, चौकीत जायचंय.”

दादा दाराकडे बघायला लागला. आईनं त्याचा दंड धरायला हात पुढे केला, पण पट्टीतली बोटं मिटेनात.

मग मी धरला.