हिराकाकीच्या घराचं आढं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी तंबाखूसुद्धा कधी लपवली नाही. आता हात कापतात, पटाशी धरवत नाही, तरी वारा सुटला की नजर अजून आधी छपराकडे जाते. तुम्हाला वाटेल, सुताराची सवय. सवय कसली? भीती आहे ती.

वरोरची हिराकाकी. नवरा गेल्यावर तिने त्याची जुनी होडी मोडली आणि होडीच्या तळाचं लांब लाकूड घराला आढं म्हणून घालायचं ठरवलं — ज्याच्यावर सगळे वासे टेकतात, ते मधलं लाकूड. मी नुकताच स्वतंत्र कामं घेऊ लागलो होतो. लाकडावर थाप मारून मी छातीठोक सांगितलं, नातवंडं म्हातारी होतील पण हे हलणार नाही. वर झावळ्यांचं हलकं छप्पर होतं, त्यामुळे काही वर्षं माझा शब्द खरा ठरला.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि काकीला मंगलोरी कौलं हवीशी झाली. कौलांचा भार झावळ्यांच्या कितीतरी पट. आधी लाकूड तपासायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी माझ्या गावाहून, चिंचणीहून गेलो, शिडी लावली, आढ्याच्या मधोमध गिरमिट फिरवलं. चांगल्या लाकडातून कुरळा कीस निघतो. इथे पीठ निघालं — काळं, ओलसर. खाऱ्या पाण्यातल्या किडीने ते आतून कधीच पोखरलं होतं, मी थाप मारली त्याच्याही आधी.

खालून काकीने विचारलं, "सोसल ना, मिस्तरी?"

काय अवघड होतं? "नाही" म्हणायचं. निदान मध्ये एक टेकू द्यायचा. पण टेकू कशाला, असं तिने विचारलं असतं — आणि मग चिंचणीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की या सुताराला सडकं लाकूड ओळखता येत नाही. मी भोकात मेण आणि भुसा भरला, वरून तेलाचं बोट फिरवलं. "सोसेल," म्हणालो.

त्यानंतर माझी झोप उडाली. काही ना काही निमित्त काढून वरोरला जायचो आणि रस्त्यावरून, एक डोळा मिटून, छपराची ओळ बघायचो. दुसऱ्या पावसाळ्यात ती मध्ये बोटभर खचलेली दिसली. काकी चहाला आत बोलवायची. आत उकडतं म्हणून मी अंगणातच बसायचो. त्याच छपराखाली तिचा तान्हा नातू झोळीत असायचा, आणि मी बाहेर बशीतून चहा प्यायचो.

थांबा — खरं अजून आलंच नाही.

त्या भाद्रपदात मी दारातून पाहिलं, तर काकीने ओली जाळी आढ्यावर टांगलेली. बाहेर पाऊस, बिचारी वाळवणार कुठे? मी ओरडायला हवं होतं. मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. उद्या काही झालंच, तर कारण तयार होतं.

चारच दिवसांनी, भर दुपारी, आढं मोडलं. नातू शेजारी नेलेला होता म्हणून वाचला. सून तांदूळ निवडत बसली होती, तिच्या गुडघ्यावर तुकडा आला. ती पुढे कधी सरळ चालली नाही. मी धावत पोचलो तेव्हा गाव जमलं होतं, आणि सगळ्यांच्या देखत मी जाळ्यांकडे बोट दाखवलं. एवढा ओला भार टाकतात का, असंही म्हणालो. मोडकं लाकूड जळणाला म्हणून मीच उचलून नेलं, कुणी निरखून बघायच्या आत.

मुलाने आईशी बोलणं टाकलं. सासूमुळे सून लंगडी झाली, असं गाव म्हणायचं, आणि ते ऐकतऐकतच पुढे काकी वारली.

पण जाण्याआधी, त्या अपघातानंतर महिन्याभराने, ती चिंचणीला चालत माझ्या दारात आली होती. हातात सुक्या बोंबलांची जुडी. "माजीच चूक, मिस्तरी," म्हणाली. "तुमच्या कामाला मी बट्टा लावला."

मी बोंबील घेतले. "होतं असं, काकी," म्हणालो — आणि तिला माफ केलं.