टेबलावरच तर आपटतो

माझ्या नवऱ्याची मूठ नेहमी एकाच जागी पडायची. माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या उजवीकडे, जिथे माउस असतो तिथे. मला मारायचं नसायचं त्याला, असं तो स्वतःच सांगायचा. "तुला आजवर बोट तरी लावलंय का मी?" नव्हतं लावलं, हे खरं आहे. मी दर वेळी हात काढून घ्यायचे.

मी साड्यांच्या काठांची डिझाइनं करते. कॉम्प्युटरवर बारीक चौकटी असतात, एक चौकट म्हणजे एक धागा. एक चौकट चुकीची रंगली की ती चूक अख्ख्या काठावर पुन्हा पुन्हा विणली जाते आणि माल घेणारा व्यापारी फोनवरून माझे वाडवडील काढतो. थोडक्यात, माझं पोट माझ्या उजव्या हातावर. निपाणीहून लग्न करून बंगळुरात आले ती हे काम सोबत घेऊनच. व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात मला एक टेबल मिळालं. नवऱ्याला दार असलेली, एसी असलेली खोली. तो एका कंपनीत टीम सांभाळतो आणि आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करतो.

त्याचा कॉल संपला की ते दार उघडायचं. तिकडच्या साहेबानं काहीतरी सुनावलेलं असायचं, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. "कुकरच्या शिट्ट्या कॉलच्या वेळीच का?" धाड. "कुरियरवाल्याला खाली का नाही थांबवलंस?" धाड. माउस उडून खाली पडायचा, स्क्रीनवर काठाच्या मधोमध एखादी भलतीच रेघ मारली जायची.

सासूबाई सोफ्यावर बसून हे बघायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठीत कन्नड मिसळूनच बोलायच्या. "टेबलावरच तर आपटतो गं. तुझ्यावर तर नाही ना? स्वल्प सोस. तुझे मामंजी तर भरलं ताट भिरकावायचे." मीही काही गरीब गाय नव्हते. ओरडायचे, शिव्या द्यायचे, एकदा पाण्याची स्टीलची बाटली त्याच्या डोक्याच्या दिशेनं फेकली होती. नेम चुकला आणि टीव्ही फुटला. त्याचं पुराण मात्र सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं.

मग मी शहाण्या बाईसारखा उपाय शोधायला लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं. मूठ थांबत नाही ना, मग तिच्याखाली न मोडणारं काहीतरी हवं. आधी कापडाचं पॅड होतं. मुठीनं त्यातल्या फोमला खड्डा पडला आणि माउस तिथे आला की अडखळायचा. मग कडक प्लास्टिकचं आणलं, त्याला तडा गेला. मग मी इंटरनेटवर तासन्‌तास वाचत बसले, कुठला पृष्ठभाग घासत नाही, कुठला फुगत नाही, कशावर माउसचा दिवा नीट चालतो. लोक गेम खेळायला पॅडं घेतात आणि ती किती टिकली याच्या फुशारक्या मारतात. कुणीही नवऱ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी खरखरीत काचेचं पॅड मागवलं. जन्मभर टिकेल, असं खोक्यावर छापलेलं होतं. माउस त्यावर लोण्यासारखा चालायचा. मग एका दुपारी ते दार उघडलं आणि मी रंग भरण्यात इतकी गुंतले होते की हात काढायचा राहिला. मूठ माझ्या बोटांच्या अगदी शेजारी पडली, काच फुटली आणि तिचा एक तुकडा माझ्या तळहातात घुसला. कीबोर्डच्या फटींतून रक्त खाली गेलं. दवाखान्यात नेताना तो गाडी चालवत रडत होता आणि रडता रडता मध्ये घुसणाऱ्या ऑटोवाल्यांना आईवरून शिव्याही देत होता. टाके पडले. हातातलं काम गेलं, ते दुसऱ्या कुणीतरी केलं.

टाके निघाल्यावर मी शहराबाहेर आनेकलकडे गेले. तिकडे ग्रॅनाइट कापायचे कारखाने आहेत आणि ओट्यातून उरलेले तुकडे बाहेर ढिगानं पडलेले असतात. मी लॅपटॉप नि माउस घेऊन गेले होते. गुळगुळीत काळ्या तुकड्यावर माउस सैरावैरा पळायचा. मी उन्हात एका ढिगावर बसून एकेका तुकड्यावर रेघ मारून बघत होते. कारखान्याचा मालक कमरेवर हात ठेवून उभा. "एनु मॅडम, किचनगा?" स्वयंपाकघरासाठी का, असं त्यानं विचारलं. मी कन्नडमध्येच सांगितलं, नाही, कामाच्या टेबलासाठी. चामड्यासारखी किंचित खडबडीत पॉलिश केलेल्या एका तुकड्यावर रेघ सरळ आली. "फुटणार नाही ना?" मी विचारलं. तो हसला. "वरून गाडी घाला, मॅडम." त्यानं कडा घासून दिल्या.

गंमत म्हणजे लिफ्टमधून तो दगड वर नवऱ्यानंच आणला. "बरं केलंस, एकदाची कटकट मिटली," म्हणाला. माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या उजवीकडे, त्यानं स्वतःच्या हातानं नीट बसवून दिला.

थोडे दिवस शांततेत गेले. मग साहेबानं कुठल्याशा तारखेवरून त्याला झापलं आणि दार उघडलं. मी हात काढला. मूठ नेहमीसारखीच खांद्यापासून आली. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, मनगट पोटाशी धरून, आणि त्याच्या तोंडातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज यायला लागला. सासूबाई धावत आल्या. "टेबलावर दगड ठेवतं का गं कुणी?" त्या माझ्यावर किंचाळल्या. दगडाला ओरखडाही नव्हता. मला आनंद झाला. लपवून काय करू, झालाच. मग मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. डाव्या हातानं त्याला माउस धड चालवता येईना. मग ठरलं की तो सांगेल तिथे मी क्लिक करायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या टेबलाशी कामाला बसले. तिथे कापडाचं एक पॅड होतं, कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये फुकट मिळालेलं, पातळ. त्याची कड उसवलेली नव्हती. एकही खड्डा नव्हता.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"लग्नाच्या आधीचं."

"इतकं नवं कसं राहिलं?"

"जपून वापरतो मी," तो म्हणाला. "वस्तू वापरायची एक पद्धत असते."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याचा कॉल आला.

मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला सरकले. स्पीकरमधून साहेब त्याला सोलून काढत होता. अक्कल, पगार, सगळं काढलं. माझा नवरा हसऱ्या चेहऱ्यानं "शुअर, शुअर" म्हणत होता. त्याचा डावा हात पॅडशेजारी उघडा पडला होता. एक बोटही हललं नाही.

कॉल संपला. मग मात्र त्या हाताची मूठ झाली. समोर त्याचंच टेबल होतं, मी शेजारीच बसले होते. तो उठला, दार उघडलं, हॉल ओलांडून माझ्या रिकाम्या टेबलाशी गेला आणि त्यानं मूठ उगारली. खाली दगड होता. मूठ हवेतच थांबली. क्षणभरानं त्यानं बोटं उघडली, हात खाली घेतला आणि फ्रिजकडे पाणी प्यायला गेला.

इतक्या सहज. थांबता येत होतं त्याला. माझ्या तळहातात काच घुसली त्या दुपारीही येत होतं. तेव्हा खाली मी होते, म्हणून तो थांबला नाही. माझ्या डोक्यात रक्त चढलं आणि पहिल्यांदाच मला काहीही फेकावंसं वाटलं नाही.

मी लॅपटॉप, माउस आणि कपड्यांची एक बॅग भरली. तो विचारत राहिला, "अगं, झालं काय? मी काही केलंय का आज?" सासूबाई दारात आडव्या आल्या. मी त्यांना हातानं बाजूला केलं. मग त्यांचं लक्ष माझ्या टेबलाकडे गेलं.

"आणि हा दगड?"

"राहू दे," मी म्हणाले. "त्याला लागेल."

आता मी बंगळुरातल्याच शिवाजीनगरात एका खोलीत राहते. खाली गाड्यांचे पत्रे ठोकायचं वर्कशॉप आहे, दिवसभर हातोडे चालू असतात. सुरुवातीला प्रत्येक ठोक्याला माझा उजवा हात आपोआप मांडीवर यायचा, आता येत नाही. माउसखाली मी आल्या दिवशी मिळालं ते ठेवलं, मागच्या भाडेकरूनं टाकून दिलेल्या कॅलेंडरचा पुठ्ठा. नंतर चांगलं पॅड घेऊ म्हटलं होतं. पुठ्ठा अजून तोच आहे, त्याचा कोपराही दुमडलेला नाही.