तिसरा घाव: एका कॅसेटसाठी क्योतो ते नागोया

क्योतोत पीएच.डी. करताना प्रत्येक जण मला विचारायचा, "जपानमध्ये बसून आर्मेनियन लोकमहाकाव्य? कशाला?" उत्तर साधं होतं: शिष्यवृत्ती इथली मिळाली होती. ही वीरगाथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली गेली आणि गावागणिक बदलत गेली. माझा अभ्यास त्या बदलांचा. पण माझ्याकडे होतं ते सगळं छापील. जिवंत माणसाच्या तोंडचं एक तरी रूप मिळाल्याशिवाय तिसरं प्रकरण उभं राहणार नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत शिरीषदादांचा फोन आला. मूळ पुण्याचे, आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला इंजिनिअरिंग करून तिथल्याच अनाहितशी लग्न केलेले, आता नागोयात मोटारींच्या कारखान्यात.

"अगं, सासूबाई आल्यात. तिकडे हिवाळ्यात लाइट नाही, हीटिंग नाही. त्यांना वडिलांकडून ती गाथा पाठ आहे. मार्चमध्ये परत जातील, लगेच ये!"

शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, परवडणारी नव्हती. साध्या गाडीने माइबारा आणि ओगाकीला बदलत अडीच तास लागतात. ओगाकीला सगळे जागेसाठी धावतात. जपानी शिस्त तेवढी दोन मिनिटं रजेवर असते. नागोयाच्या फलाटावर उभ्याउभ्या रुंद नूडल्स खाव्यात. शाकाहारी असाल तर नकोच, रश्श्यात मासा असतो.

घरात आजींना सगळे ताती म्हणत. रेकॉर्डर सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटून आधी गाथेतल्या मेलेल्या वीरांसाठी देवाकडे दया मागितली, मग कथा धरली. मांडीशी नात बसली होती.

शेवटच्या लढाईत शत्रूवर तीन घाव घालायचा नायकाचा हक्क असतो. शत्रूची आई पदर पसरते, पहिला घाव तो सोडून देतो. बहीण येते, दुसराही सोडतो. "आणि तिसरा..." म्हणून ताती थांबल्या.

मला वाटलं, विसरल्या. "तिसरा त्याने घातलाच ना?" माझ्या पुस्तकी आर्मेनियनमध्ये मी मदत केली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. घातला."

"ओवात्ता?" नातीने जपानीत विचारलं. संपली का, एवढंच. संपली होती. मग लवाश या पातळ आर्मेनियन रोटीबरोबर शिरीषदादांच्या हातचं पिठलं खाऊन मी खुशीत परतले.

क्योतोत कॅसेट लावली. "आणि तिसरा..." नंतर एक श्वास. मग हळूच, "तेव्हा आली त्याची..." आणि त्यावर माझा आवाज.

छापील कथेत तिसऱ्यांदा कुणीच येत नाही. मी ताबडतोब फोन केला.

शिरीषदादा विचारून आले. "त्या म्हणतात, पोरगी सांगते तेच बरोबर. ती शिकलेली आहे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मार्चमध्ये ताती येरेवानला परत गेल्या. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

प्रकरण कसंबसं उभं राहिलं. तिसऱ्या घावाशी मी तळटीप टाकली: इथे आवाज संग्राहिकेचा आहे. तुम्ही कुणाची कथा ऐकायला निघालात तर जादा बॅटऱ्या न्या आणि तोंड बंद ठेवा.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. कोण आली होती, कळलं नाही. ताती बहुतेक त्या शत्रूला वाचवायला निघाल्या होत्या. तो मेला माझ्यामुळे.