पडद्यावर पुढं कोण गेलं

शाल आणि नारळ आधी आले, काम मागून सांगितलं गेलं. वास मला तिथंच आला.

उंब्रजजवळच्या आमच्या गावचे यात्रा कमिटीचे अध्यक्ष सकाळीच दारात उभे. एकटे. एरवी ते वर्गणी मागायलासुद्धा पाच-सहा माणसं बरोबर घेऊन फिरतात. मी मराठी शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण, नाट्यस्पर्धांची परीक्षक म्हणूनही बरीच वर्षं बसलेली. बोलावणी मला नवी नव्हती. पण बोलावणारा माणूस कामाच्या आधी शाल पांघरवत नाही.

"बाई, अवंदा यात्रेत नवा पुरस्कार ठेवलाय," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या भागात स्किट करणारा तो ग्रुप हुता न्हवं का, टीव्हीवरबी गेलता? त्यातलं सिनेमात सगळ्यात पुढं कोण गेलं, ते तुमी ठरवायचं."

तो ग्रुप मला चांगला आठवत होता. गणपतीत, यात्रेत, शाळांच्या गॅदरिंगला ते तिघं यायचे. दोन पुरुष आणि एक बाई. एक सतरंजी आणि एक खुर्ची एवढ्या सामानावर तासभर माणसं हसवायचे. पुढं टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमानं त्यांना उचललं आणि तिथून तिघंही सिनेमात गेले. त्यातल्या एकाचा चेहरा आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

"मग यात ठरवायचं काय?" मी म्हटलं. "शेंबडं पोरही सांगेल."

"त्यांना शूटिंग हाय. यायचं न्हाईत म्हणालं. आन् जो येत न्हाई त्याला पुरस्कार कसा द्यायचा, बाई? ऱ्हायलं दोघं. बघा, तुमीच काय ते करा. पर जरा सांभाळून."

सांभाळायचं कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर फौजेतून निवृत्त झालेल्या आमच्या ह्यांनी नारळ हलवून बघितला. "सेंट्री झोपलेला दिसला," ते म्हणाले, "की आधी बघायचं असतं, त्याला दारू कुणी पाजली."

राहिलेल्या दोघांतला एक कवठे महांकाळचा. त्याचा एकच सिनेमा, पण त्यात तो हिरो. त्या सिनेमाचा फ्लेक्स मी स्वतः हायवेला पाहिला होता: गॉगल लावलेला, बुलेटवर बसलेला. दुसरी जतची. तिचे सिनेमे पुष्कळ, पण प्रत्येकात ती चिमूटभर. कुठं चहा आणून ठेवते, कुठं मयताच्या घरी रडते, कुठं नळावर भांडते. एका सिनेमात तर मी तिला शोधत शेवटापर्यंत गेले, आणि मग कळलं की सुरुवातीला दार लावून घेणारा हात तिचा होता.

तिचं काम निदान मोबाईलवर सापडत तरी होतं. हिरोचा सिनेमा कुठंच सापडेना. गाणं होतं, पोस्टर होतं, मुहूर्ताचा फोटो होता. सिनेमा नव्हता. मी ओळखीपाळखीत विचारायला सुरुवात केली. साताऱ्यातले म्हणाले, तो तिकडं सांगलीकडं चालला. सांगलीतली माझी मावसबहीण म्हणाली, अगं, तो तर साताऱ्यात जोरात होता म्हणे. पाहिलेला माणूस एकही भेटेना. ज्याला त्याला दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याचं माहीत होतं.

माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते सांगलीचे, एका जुन्या थिएटरचे मालक. त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला नीट बसूही दिलं नाही.

"ठरल्यालंच हाय की बाई. हिरो तो हिरो. एक सिनेमा का असंना, सगळा खांद्यावर घेतलाय. ती बाई चांगली हाय, पण चहा देणाऱ्या बाईला कोण बघतंय?"

"तुम्ही पाहिलात तो सिनेमा?"

"आवं, माझ्याच टॉकीजमधी चालला! दिवाळीच्या सुट्टीत. हाऊसफुल्ल."

मी मान हलवली आणि त्यांच्या घरचा चहा प्यायले. ते कोणत्या दिवाळीबद्दल बोलत होते, ते मला कळलं होतं, कारण पोस्टरवर वर्ष होतं. त्या दिवाळीनंतर लगेच मी त्यांच्याच थिएटरात जेवले होते. पडदा काढलेला, खुर्च्या उचकटलेल्या, आणि जिथं पडदा असायचा तिथं नवरा-नवरी उभे. भाचीच्या मैत्रिणीचं लग्न होतं. तेव्हाच ऐकलं होतं की पावसाळ्याआधीपासून तिथं कार्यालयच आहे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता गप बसू नकोस. जाऊन त्यालाच विचार."

मग मी एस.टी.नं कवठे महांकाळला गेले. हिरोचं तिथं ठिबकच्या पाईपचं दुकान, मागं थोडी द्राक्षबाग. दुकानात तोच फ्लेक्स, उन्हानं गॉगल पांढरा पडलेला. मला वाटलं होतं तो थापा मारील, त्या कशा पकडायच्या याची मी तयारी करून गेले होते. त्यानं गिऱ्हाईक वाटेला लावलं, मला खुर्ची दिली आणि समोर पाईपच्या बंडलावर बसला.

"बाई, त्यो पिक्चर पुरा झालाच न्हाई," तो म्हणाला. "शूटिंग झालं, आवाज भरायचं ऱ्हायलं. तसाच पडलाय."

"कुणाकडं?"

"अध्यक्षांकडं. तुमास्नी म्हाईत न्हाई? पिक्चर त्यांचाच हाय."

मग सगळं उलगडलं. सिनेमा अध्यक्षांनी काढलेला, भागीदार ते थिएटरवाले. आता कुणी तो विकत घेईल का, याची खटपट चालली होती. 'पुरस्कारप्राप्त अभिनेता' एवढे दोन शब्द पोस्टरवर हवे होते, आणि ते खरे वाटावेत म्हणून खाली माझ्यासारख्या मास्तरणीची सही.

मी उठले. "मी हे स्टेजवर सांगणार," म्हटलं.

तो उठला नाही. खाली बघून हळू म्हणाला, "पुरस्कार मला देऊ नका, बाई. द्यायचा तर तिलाच द्या, तिचाच हाय त्यो. पर चारचौघांत ह्ये बोलू नका. पोरगीचं लगीन ठरतंय. सोयरं मला हिरो म्हणूनच वळखत्यात. उद्या त्येंनी म्हटलं, बाप खोटा, तर पोरगीबी खोटीच म्हणतील." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. माझ्या वर्गात मी अशा कितीतरी मुलींच्या लग्नाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मी परत खाली बसले आणि नाही बोलणार, असा शब्द दिला.

तिथून जत जवळ. तशीच पुढं गेले. संशय आता तिच्यावरही होता. एकाचं सगळं खोटं निघाल्यावर दुसरीचं खरं का मानावं? मी येणार असल्याचं तिला कळवलं नव्हतं. स्टँडवर एका म्हाताऱ्याला तिचं घर विचारलं, तर त्यानं आधी तिच्या सिनेमातलं वाक्य म्हणून दाखवलं: "आमचा नंबर कवा लागायचा, मेल्यावर?" टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहून तिनं ते एका सिनेमात म्हटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी दोघी बायका कानडीत बोलत होत्या. मधेच हसून एकीनं तेच वाक्य मराठीत म्हटलं. हिनंच सगळ्यांना पढवून ठेवलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण पढवायला तिला वेळ कुठं होता?

ती दारात शेंगा फोडत बसली होती. पुरस्काराचं ऐकून हसली. "मला? आवं बाई, माझं डोकं न्हाय दिसत पिक्चरमधी, हात दिसतोय."

मी तिला विचारलं, सिनेमात पुढं गेलं म्हणजे काय, तुझ्या मते? तिनं शेंगदाणा तोंडात टाकला. "पुन्हा बोलवत्यात का, त्ये. मला बोलवत्यात."

यात्रेच्या दिवशी संध्याकाळी स्टेजसमोर गर्दी होती. निकाल दोघा परीक्षकांनी मिळून द्यायचा होता. थिएटरवाल्यांना मी बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "तुमच्या थिएटरात लग्नाचा मठ्ठा फार चांगला होता. त्याच दिवाळीनंतरचा." ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं." मी जतच्या बाईचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि मागून कुणीतरी टँकरचं वाक्य ओरडलं. अध्यक्ष हसत होते, पण त्यांचं हसणं खालच्या दातांपर्यंत पोचलं नव्हतं. हिरो पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

नंतर मांडवात जेवताना ती माझ्या शेजारी बसली. हिरोचा सिनेमा अर्धवट पडलाय हे तिला ठाऊक होतं; स्टेजवर मी त्याबद्दल काहीच का बोलले नाही, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, त्याच्या मुलीच्या लग्नाचं आहे, बाहेर बोलू नको.

तिचा घास हातातच राहिला. "पोरगी? कुठली पोरगी? दोन पोरगं हायत त्याला. एक मिलिटरीत हाय, दुसरा दुकानात बसतोय."

मी पंगतीच्या पलीकडं बघितलं. तो वाढप्याकडून आमटी घेत होता. माझी नजर त्याला जाणवली असावी. त्यानं वाटी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि चेहरा अगदी तसाच केला, पाईपच्या बंडलावर बसला होता तसा, बिचाऱ्या बापाचा.

राग आला. पण त्यानं खरं सांगितलं असतं, की मला लाज वाटते, झाकून ठेवा, तर मी झाकलं नसतं. सत्याचं काहीतरी बोलून निघाले असते. हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. इतकी वर्षं परीक्षण केलं, पण प्रेक्षक एकच आणि तोही मी, असा प्रयोग मी पाहिला नव्हता.

"सोडा वो," ती म्हणाली. "ग्रुपमधी सगळ्यात चांगलं काम त्योच करायचा. आमाला तर रडू यायचं."

पंधरवड्यात हायवेला नवा फ्लेक्स लागला. तोच गॉगल, तीच बुलेट, आणि वर मोठ्या अक्षरांत 'पुरस्कारासाठी निवड झालेला अभिनेता'. खोटं त्यात काहीच नव्हतं, दोघांतला एक म्हणून निवड तर झाली होती. खाली कोपऱ्यात, परीक्षक म्हणून, माझा फोटो, आमच्या घरच्या अल्बममधला. कुणी दिला, ते अजून कळलेलं नाही. ह्यांच्यावर माझा संशय नाही, असं मी ह्यांना सांगितलं आहे.