बादलीखाली झोपणारं झाड

महाडच्या स्टँडवर आईने मला एसटीत बसवलं आणि खिडकीतून पॉइनसेटियाची कुंडी आत दिली. "राहू दे सोबतीला. तू काही कुणाशी बोलायची नाहीस."

ते झाड माझ्या कॉन्व्हेंटमधलं. नाताळच्या नाटकात मला एकही वाक्य नव्हतं, लाल पानांची कुंडी धरून कोपऱ्यात उभं राहायचं होतं. मी इतकी गुपचूप उभी राहिले की नंतर सिस्टरनी ती मलाच देऊन टाकली. मग ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. पानं पुन्हा लाल झाली नाहीत, पण उजेडाकडे झुकून झुकून खोड छान वाकलं.

पनवेलच्या अलीकडचा कर्नाळा मागे पडला तरी कुंडी मांडीवरच होती. तुमच्यापैकी जे घरून निघाले, त्यांच्याही मांडीवर असं काहीतरी असेलच.

तळोज्याला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी आणि पनवेलजवळच्या गावात हिराकाकींच्या घरी वरची खोली. सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून व्हिडिओ बघून झाडाचा बोन्साय करायला घेतला. फांद्या छाटल्या, पांढरा चीक पुसला, मुळं कापून उथळ कुंडीत लावलं. तार गुंडाळताना एक जुनी फांदी कट्कन तुटली. तेव्हापासून फक्त कोवळे शेंडे दोऱ्याने हळूहळू खाली ओढले. खोडाला हात लावावा लागला नाही. तो बाक महाडच्या खिडकीने दिलेला.

"अगो, चांगलं हाय ना झाड? जेवायला नाय देत काय त्याला?" जिन्यातून हिराकाकी म्हणाल्या. मी नुसती हसले.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "खुरटं झाड घरात ठेवू नये. माणसाची वाढ खुंटते." नाताळात ती पहिल्यांदाच इथे येणार होती. तोवर झाड लाल करून दाखवायचंच, असं मी ठरवलं.

पण लाल व्हायला त्याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत मिट्ट काळोख लागतो, तोही रोज, कित्येक आठवडे. महाडला तिन्हीसांजेला घरभर दिवे लागत, इथे झाड ठेवलेल्या वरच्या गॅलरीत काकींचा दिवा. आणि मी कंपनीच्या बसने पोचायचे अंधार पडल्यावर. म्हणजे कुणालातरी सांगणं आलं. वाक्य मनात बरेच दिवस घोळवलं, मग एकदाचं बोलले.

"काकी, संध्याकाळी माझ्या झाडावर बादली उपडी घालाल?"

"दिवे लावायच्या वेळेला? काळोखात ठेवायचं त्याला?"

"हो."

"येडी हाय पोरगी," असं म्हणत त्यांनी बादली उचलली.

दुसऱ्या दिवसापासून मी गेटमध्ये शिरले की आतून आवाज यायचा, "झोपवलं गं तुझं पोर." उत्तर द्यायला थांबावं लागे. थांबलं की चहा, चहाबरोबर गावभरच्या गोष्टी. करंजा बंदरावरची सुकट मासळी भाजायलाही मी तिथेच शिकले.

आई आली तेव्हा झाड वीतभर होतं आणि शेंडे लालभडक. तिने खोडावरून बोट फिरवलं. "आपल्या खिडकीत असंच वाकायचं," म्हणाली. खुंटण्याचं काही बोलली नाही.

बादलीचं मी तिला सांगितलं होतं. संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला आणि बादली घेऊन गॅलरीत गेली. झाडावर काकींची बादली आधीच होती. खालून आवाज आला, "आमी झोपवलंय त्याला. उठवू नका तुमी."

आई रिकामी बादली धरून हसत सुटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोलतेस की लोकांशी."

महाडला या वेळी माझ्या नावाने दिवा लागतो. इथे माझ्यासाठी कुणीतरी थोडा काळोख करून ठेवतं. मला दोन्ही घरंच वाटतात.