बिनबुडबुड्याचा गणपती

अख्ख्या वऱ्हाडात अशी एकही वस्तू नव्हती, की जी पाहून माझ्या सासऱ्यांच्या मनात "ही राळेत कशी दिसेल?" हा प्रश्न आला नाही. पळसाचं फूल, कापसाचं बोंड, मेलेला टोळ, पालीनं टाकून दिलेली शेपटी, सासूबाईंच्या फुटक्या बांगडीचा तुकडा, स्वतःची पडलेली दाढ, सगळं त्यांनी राळेत घातलं होतं. इतरांचे सासरे पेन्शनीत पोथी वाचत, भजनाला जात, नाहीतर सुनेच्या भाकरीला नावं ठेवत. माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं माझे मामाजी, सकाळचा चहा झाला की अंगणात शेगडी पेटवत, पितळी पातेल्यात राळ वितळवायला ठेवत, आणि मग दुपारपर्यंत त्यांना हाक मारण्यात अर्थ नसे. ते आयुष्यभर देऊळगाव राजाच्या शाळेत मास्तर होते. शेती धाकटा भाऊ पाहत होता, आणि त्यांनी शेतीकडे पाहू नये अशी त्या भावाचीच हात जोडून विनंती होती.

राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. किराणा दुकानात तिचे पिवळे खडे मिळतात. सोनार ती पोकळ दागिन्यात भरतो, बहुरूपी मशालीवर फेकून भडका उडवतो. पण ती वितळवून वाटीत ओतावी, आत एखादी वस्तू सोडावी, थिजली की ठोकळा बाहेर काढावा आणि उजेडाकडे धरून लहान मुलासारखं हसत बसावं, हा उद्योग मामाजींच्याच डोक्यातून निघालेला. साचा म्हणून त्यांना काहीही चाले. घरातल्या वाट्या, करवंट्या, कुंकवाचा करंडा, एकदा तर सासूबाईंचा तुपाचा बुधला. सासूबाई म्हणत, "या घरात वरणालेही देवळाचा वास येते." मामाजींना ती स्तुती वाटे.

त्यांचा या जगात एकच वैरी होता, तो म्हणजे बुडबुडा. राळ ओतली की कुठून तरी हवा आत शिरे, आणि नेमकी टोळाच्या डोळ्यापाशी नाहीतर फुलाच्या देठापाशी जाऊन बसे. तो बुडबुडा फोडायला ते लांब सुई घेऊन डोळे बारीक करून बसत. त्या वेळी घरात कोणी चालायचं नाही, दार लावायचं नाही, खोकायचं तर गोठ्यात जाऊन खोकायचं. एकदा हाच धाकटा भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, शेताच्या दाव्याचा कोर्टातला निकाल सांगायला धावत आले, तर मामाजींनी त्यांना सुईनंच "बस" अशी खूण केली. निकाल आपल्या बाजूनं लागला होता, पण ते बिचारे तो पोटात धरून तासभर ओट्यावर बसले. शेवटी त्यांना शिंक आली. शिंक आली नि ठोकळ्यात सात बुडबुडे उठले. "जिंकलो, भाऊ!" असं ते म्हणाले, तर मामाजी म्हणाले, "काय जिंकलो बे? पाह्य, काय करून ठेवलं!"

या माणसाची ओळख मला लग्नाआधीच झाली होती, तीही माझ्या काकांच्या दातामार्फत. बोलणी करायला माझे वडील आणि काका दुसरबीडहून देऊळगावला गेले. ओट्यावर ताटलीत बदाम घातलेल्या सोनेरी वड्या मांडलेल्या. काका खाण्याच्या बाबतीत कधीच आग्रहाची वाट पाहत नसत. त्यांनी एक वडी उचलली आणि दाणकन चावली. आतून मामाजी धावत आले. "अहो, ते खाचं नाई, पाहाचं हाय!" काकांचा पुढचा दात तेव्हाच हलायला लागला. आता बोलणी फिसकटणार म्हणून वडील घाबरले, पण मामाजी काकांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. अगदी काकुळतीला येऊन ते म्हणाले, "पाहुणे, पडला तर फेकू नका. मले पाठवून द्या." दात महिन्याभरानं पडला. काकांनी तो खरोखर पुडीत बांधून पाठवला, आणि सोयरीक पक्की झाली.

मामाजींना कीर्तीची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, सगळे मोठे साहेब नागपूरला. तिथे कसलं तरी कलाकुसरीचं प्रदर्शन आहे असं कळल्यावर त्यांनी कमळाचं फूल घातलेला एक मोठा ठोकळा पेटीत घालून पार्सलनं पाठवला. पाठवला तो वैशाखात. वैशाखात देऊळगावला माणूस वितळतो, तिथे राळेची काय कथा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की आपण पाठवलेला डिंकाचा नमुना मिळाला, त्यात थोडा पालापाचोळा आढळला, पुढच्या वेळी गाळून पाठवावा. मामाजींनी ते पत्र चार वेळा वाचलं. मग त्याचा एक कोपरा कापला आणि राळेत घातला.

आता माझ्या लग्नाची गोष्ट. लग्नात दोन्ही घरी देवक बसवतात, म्हणजे तांदळावर सुपारी मांडून तिला गणपती मानतात आणि कार्य निर्विघ्न पार पाडण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतात. कार्य झालं की भटजी येऊन अक्षता वाहतात, सुपारी जागची हलवतात, आणि देवक उठलं म्हणजे लग्न संपलं. तोवर सासरी आलेल्या नवरीनं तिथली वेस ओलांडायची नाही. थोरल्या दिरांच्या लग्नात देवक उठायच्या आदल्या दिवशी घुशीनं ती सुपारीच पळवली होती. तेव्हा मोठं रामायण झालं, आणि मामाजींनी मनाशी ठरवून टाकलं, की धाकट्याच्या लग्नात देवाला कुणी हात लावू शकणार नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे दमून झोपलेले असताना भर दुपारी त्यांनी गणपतीला राळेत घातलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील मला माहेरी न्यायला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन आले. लग्नाच्या दोन दिवस आधीपासून माझ्या आईला हिवताप भरला होता. मांडवात ती आलीच नाही. सासरी निघताना मी तिच्या खोलीत गेले, तर तापात तिनं मला ओळखलं नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ते माझ्या मनातून जात नव्हतं. वडील ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "ताप उतरते नि चढते. शुद्धीत असली की इचारते, आली का, आली का." चौथ्या दिवशी सकाळी देवक उठलं की निघायचं, असं ठरलं. मी रात्रीच गाठोडं बांधून ठेवलं.

सकाळी भटजी आले. देवघरात पाहतात तो तांदळावर सोनेरी ठोकळा, आणि आत हळदकुंकवासकट गणपती. "हे काय?" भटजी म्हणाले.

"देव," मामाजी म्हणाले. "आता घुशीच्या बापालेही सापडत नाई."

"देवावर ऊन राळ ओतली तुम्ही?"

"कोमट होती."

भटजींनी कपाळाला हात लावला. अक्षता देवाला लागल्या पाहिजेत, राळेला लागून काय उपयोग? देव कोंडलेला असताना त्याला ऊठ कसं म्हणायचं? तो उठला नाही तर लग्न उरकलं नाही, आणि लग्न उरकलं नाही तर नवरी जात नाही. आणि आज टळलं तर पुढे आठ दिवस मुहूर्त नाही. झालं, अंगणात सभाच भरली. कोणी म्हणालं, हातोड्यानं फोडा. भटजी म्हणाले, गणपती फुटला तर तुम्ही निस्तरा. कोणी म्हणालं, कोमट पाण्यात भिजत घाला. तासभर ठोकळा बादलीत राहिला, बादलीतलं पाणी गार झालं, बाकी काही नाही. चुलत सासरे म्हणाले, उन्हात ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो पाघळला नाही, कावळ्यानं तेवढी चोच मारून पाहिली. मी दाराआड गाठोडं धरून उभी होते आणि एकीकडे मला हसू येत होतं, एकीकडे रडू.

उपाय काय ते सगळ्यांना कळत होतं. ठोकळा पुन्हा पातेल्यात घालून वितळवायचा. पण बोलत कोणी नव्हतं, कारण त्या ठोकळ्यात एकही बुडबुडा नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा राळ अशी थिजली होती, की गणपतीवरचा कुंकवाचा कण न् कण दिसत होता. मामाजी सकाळपासून तो कोणाच्या हातात देत नव्हते. ज्या सासूबाईंनी वीस वर्षं राळेच्या नावानं खडे फोडले, त्याही खालच्या आवाजात भटजींना म्हणाल्या, "दुसरं कायी करता येत नाई का हो? लई मेहनतीचं हाय ते."

मामाजी दाराशी आले. माझ्या हातातलं गाठोडं त्यांनी पाहिलं.

"सूनबाई, आईले ताप कवापासून हाय?"

मी सांगितलं. आईनं मला ओळखलं नाही हेही सांगून बसले. नव्या नवरीनं सासऱ्यांशी एवढं बोलायचं नसतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

ते तसेच मागे वळले. ठोकळा घेऊन अंगणात गेले आणि तिथल्या एकेकाच्या डोळ्यांसमोर तो उन्हात धरला. आधी भटजी, मग माझे वडील, चुलत सासरे, सासूबाई, दमणी हाकणारा गडी, शेवटी मी. "नीट पाह्य," प्रत्येकाला म्हणत होते. "हाय का एक तरी बुडबुडा? नाई ना? मंग कोनी इचारलं तर सांगसान, आपन पाह्यला म्हणून." आणि शेगडीवरच्या पातेल्यात त्यांनी तो स्वतःच्या हातानं सोडला. कडा विरघळल्या तसं त्यांनी तोंड फिरवलं. सुपारी पळीनं काढून त्यांनी तिळाच्या तेलानं पुसली. तेल तर मारुतीला, असं भटजी पुटपुटले, पण चटकन अक्षता टाकून मोकळे झाले. कंकण सोडताना माझ्या हातचं हळकुंड मामाजींनी मागून घेतलं. मला वाटलं, विसर्जनासाठी असेल.

दिवस मावळायला दमणी दुसरबीडच्या वेशीत शिरली. आईचा ताप त्या वेळी उतरलेला होता. मी खोलीत पाऊल टाकलं आणि तिनं माझ्याच नावानं हाक मारली. पुढे ती बरी झाली, माझी चार बाळंतपणं तिनं केली.

मामाजींनी त्यानंतर बारा वर्षं राळ ओतली. बिनबुडबुड्याचा ठोकळा पुन्हा जमला नाही. पाहुणे आले की मात्र ते मला हाक मारून विचारत, "सूनबाई, पाह्यला होता ना तू?" आणि मी घुंगटातून म्हणायची, "हाव, मामाजी, एकबी नव्हता." दरवेळी तितक्याच जोरात म्हणायची. मला त्या वाक्याचा कधी कंटाळा आला नाही.

अखेरच्या दुखण्यात त्यांनी उशाखालून पुडी काढून माझ्या हातात दिली. आत लहानसा ठोकळा, त्यात माझं हळकुंड, आणि हळकुंडाच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा. मी म्हटलं, "मामाजी, हा फोडला नाई काऊन?" ते म्हणाले, "राळ ओतली होती. त्या दिवशी दाराशी गाठोडं धरून उभी होती तू, ते आठवलं, नि वरून फुंकर मारता मारता हसू आलं. शिरली हवा. फोडाले सुई घेतली, मंग म्हटलं, राहू दे."

त्यांचे बाकीचे ठोकळे आता कुठे आहेत कोण जाणे. काही तडकले, काही उन्हाळ्यात वाहून गेले, काकांचा दात कोणीतरी मागून नेला. हा एक माझ्याजवळ आहे. ऊन तापायला लागलं की मी तो माठाखालच्या ओल्या वाळूवर नेऊन ठेवते. नातवंडं हसतात. पण तो वितळला तर आतलं हसू निघून जाईल, आणि ते मामाजींचं आहे.